सही कुणाची, कर्ज कुणाचं?

प्रश्न : नमस्कार ताई, मी धायरीला राहते, वय ४४. माझे मिस्टर फेब्रुवारीत हार्ट अटॅकने गेले, सकाळी कंपनीची बस पकडायला निघाले आणि जिन्यातच पडले. ४९ वय होतं. भोसरीला एका प्रायव्हेट कंपनीत होते, सतरा वर्षं झाली होती. मुलगी १९ वर्षांची, इंजिनिअरिंगला आहे, मुलगा १४. मी एका शाळेत नोकरी करते, पगार २२ हजार. फ्लॅट आम्ही २०१६ ला घेतला, दोघांच्या नावावर, होम लोन ३२ लाखाचं होतं त्यातलं २२ लाख बाकी आहे, हप्ता २८ हजार. मला फक्त एवढंच कर्ज माहीत होतं. ते गेल्यावर कळलं की ४ लाखाचं पर्सनल लोन आहे, क्रेडिट कार्डाचे ८५ हजार आहेत, आणि एका पतसंस्थेचं १ लाख ८० हजाराचं कर्ज आहे ज्याला मी जामीन आहे, तेव्हा त्यांनी सही कर म्हटलं, मी केली. शिवाय त्यांचे एक मित्र म्हणतात मी ३ लाख हातउसने दिलेत, वहिनी तुम्ही तुमचे चेक देऊन ठेवा म्हणजे मला भरवसा राहील. रिकव्हरीवाले रोज फोन करतात, तुम्ही वारस आहात तुम्हालाच भरावं लागेल म्हणतात, एकदा रात्री साडेनऊला केला. दीर म्हणतात पीएफ आला की आधी ही देणी मिटवून टाक, आणि फ्लॅटमध्ये आईचाही वाटा आहे हे विसरू नको. सासूबाई साताऱ्याजवळ गावी असतात. नवऱ्याचं कर्ज बायकोला फेडावंच लागतं का? घर जाईल का माझं? रात्र रात्र झोप नाही.

उत्तर : तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. आधी थोडा श्वास घ्या, कारण या सगळ्या गाठोड्यातलं जे खरोखर तुमच्या डोक्यावर आहे ते तुम्हाला वाटतंय त्यापेक्षा कमी आहे.

मी २७ वर्षं बँकेच्या लोन डिपार्टमेंटला काढली. तिथे समोर येऊन बसणाऱ्या प्रत्येक बाईला मी पहिला प्रश्न हाच विचारायचे की या कागदांवर तुमची सही कुठे कुठे आहे. नातं नंतर, आधी सही. बायको आहे म्हणून नवऱ्याचं कर्ज आपोआप बायकोचं होत नाही, मुलांचंही होत नाही. पूर्वी वडिलांचं कर्ज फेडणं हे मुलाचं धार्मिक कर्तव्य म्हणून कायद्यानेही धरायचे, २००५ च्या दुरुस्तीने तेही गेलं. आता कर्ज देणाऱ्याला वसुली करायची तर ती गेलेल्या माणसाने मागे जे ठेवलंय तेवढ्यातूनच, वारसाच्या हाती जेवढं आलं तेवढ्यापुरतीच. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ५२ हेच सांगतं. तुमचा पगार, तुमचे दागिने, तुमच्या माहेरचं काही, याला हात लागत नाही.

पण जिथे तुमची सही आहे तिथे हे चालत नाही. होम लोनला तुम्ही सहकर्जदार आहात, पतसंस्थेला जामीनदार आहात. ही दोन कर्जं तुमची आहेत, सरळ सांगते. बाकीची तीन तशी नाहीत.

होम लोनचं बघू, कारण घर तिथे अडकलंय. तुम्ही पत्रात एक गोष्ट लिहिलीच नाहीये, लोनला इन्शुरन्स होता का? बहुतेकांना माहीतच नसतं. २०१६ ला लोन मिळालं तेव्हाचं स्टेटमेंट बँकेतून मागून घ्या, अगदी पहिल्या महिन्याचं, आणि त्यात इन्शुरन्स कंपनीच्या नावाने एखादी मोठी रक्कम गेलीय का बघा, कारण बऱ्याचदा हा प्रीमियम एकरकमी कापून लोनमध्येच मिळवलेला असतो आणि आपण वर्षानुवर्षं त्याचेही हप्ते भरत असतो. मग विचारा हा विमा घराचा आहे (आग, भूकंप वगैरे) की माणसाच्या जिवाचा. जिवाचा असेल आणि मिस्टरांच्या नावाने असेल तर क्लेम करायचा. पूर्ण २२ लाख मिळतीलच असं नाही, या पॉलिसीत कव्हर दरवर्षी कमी होत जातं आणि कधीकधी दोघांत वाटलेलं असतं, पण जे येईल ते थेट लोनमध्ये जमा होतं.

एक बाई आमच्या ब्रँचला दर महिन्याला यायची, नवरा गेल्यावर चौदा महिने हप्ता भरत होती, धुणीभांडी करून. चौदाव्या महिन्यात कुणीतरी फाइल उघडली तेव्हा कळलं की विमा आहे. तिला कुणी सांगितलं नव्हतं, आम्ही कुणीच विचारलं नव्हतं. तिचा चेहरा मला आजही आठवतो म्हणून मी हे प्रत्येकीला सांगते, फाइल उघडायला लावा.

आणि विमा कंपनी म्हणाली की त्यांना बीपी होतं, शुगर होती, तुम्ही लपवलंत, तर घाबरू नका. विमा कायद्याच्या कलम ४५ प्रमाणे लाइफ पॉलिसीला तीन वर्षं होऊन गेली की कुठल्याच कारणाने ती खोटी ठरवता येत नाही. तुमची असेल तर २०१६ ची आहे. नाकारलंच तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार, त्यांचं उत्तर नाही पटलं किंवा महिनाभर आलंच नाही तर विमा लोकपालाकडे, त्यांचं ऑफिस पुण्यातच आहे, फी नाही, वकील लागत नाही, फक्त कंपनीने नाकारल्यापासून एका वर्षाच्या आत जायचं.

तोपर्यंत हप्ता कुठून जायचा? मिस्टरांच्या खात्यातून कापला जात असेल तर ते खातं आता फ्रीज झालं असेल आणि हप्ते बाऊन्स होत असतील. ९० दिवस थकले की लोन एनपीए होतं, म्हणजे थकीत खात्यात जातं, मग बँक सरफेसी कायद्याची (कोर्टात न जाता घर ताब्यात घ्यायचा कायदा) ६० दिवसांची नोटीस काढू शकते, तिथपर्यंत जाऊ देऊ नका. उद्याच ब्रँचला डेथ सर्टिफिकेट घेऊन जा, मॅनेजरला लेखी अर्ज द्या की कर्जदार वारले, मी सहकर्जदार आहे, मुदत वाढवून हप्ता कमी करून द्या. २२ हजारात २८ हजार बसत नाहीत हे त्यांनाही कळतं. अर्जाच्या कॉपीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय उठू नका. तोंडी बोललेलं बँकेत टिकत नाही, हे मी बँकेतलीच आहे म्हणून सांगते.

आता पीएफ. दिरांचं इथे ऐकू नका. सतरा वर्षांचा पीएफ, त्यासोबत ईडीएलआय नावाचा विमा असतो ज्यासाठी कर्मचारी एक रुपया भरत नाही, तो नोकरीत असताना गेला तर कुटुंबाला किमान अडीच लाख आणि जास्तीत जास्त सात लाखांपर्यंत मिळतात, शिवाय तुम्हाला महिन्याची विधवा पेन्शन आणि दोन्ही मुलांना २५ वर्षं पूर्ण होईपर्यंत वेगळी पेन्शन. ग्रॅच्युइटी पण आहे. हे सगळं कंपनीच्या एचआरकडून भरून घ्या, फॉर्म २० (पीएफ), ५ आयएफ (विमा) आणि १० डी (पेन्शन), तिन्ही एकदम द्या, लोक फक्त २० भरतात आणि बाकीचं राहून जातं. अडलं तर कंपनी ज्या पीएफ ऑफिसखाली येते तिथे जायचं. आणि मुख्य म्हणजे पीएफचा पैसा नॉमिनीकडे येतो तो गेलेल्या माणसाच्या देण्यांपासून मोकळा होऊन येतो, कायद्यातच तसं आहे. पर्सनल लोनवाला किंवा कार्डवाला त्यावर हक्क सांगू शकत नाही. तो तुम्ही स्वतःहून त्यांच्या हाती कशाला द्यायचा? तो पैसा म्हणजे मुलीची फी, मुलाची दहावी आणि घराचा हप्ता. फक्त एक काळजी घ्या, ज्या बँकेचं होम लोन आहे किंवा ज्या पतसंस्थेचं कर्ज आहे तिथल्या खात्यात हा पैसा घेऊ नका, थकबाकी झाली तर ते परस्पर वळवून घेऊ शकतात. वेगळ्या बँकेत खातं उघडा.

पतसंस्थेचं कर्ज मात्र मागे टाकू नका. रक्कम लहान वाटते पण पतसंस्थेला कोर्टात दावा लावायला लागत नाही, सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली निबंधकाकडून वसुली दाखला मिळतो आणि मग जप्तीची भाषा सुरू होते, ती थेट तुमच्यावर कारण तुम्ही जामीन. जाऊन भेटा, व्याज कमी करून हप्ते पाडून मागा. पीएफमधून काही फेडायचंच असेल तर हे फेडा.

पर्सनल लोन आणि कार्ड. इथे मी तुम्हाला खोटा दिलासा देणार नाही. तुमची सही नाही, तुम्ही वैयक्तिक जबाबदार नाही, हे पक्कं. पण मिस्टरांचा फ्लॅटमधला हिस्सा ही त्यांची मालमत्ता आहे, आणि बँकेने ठरवलं तर ती दावा लावून त्या हिश्श्यातून मागू शकते. होम लोनवाल्या बँकेचा हक्क आधी, यांचा नंतर, त्यामुळे एवढ्या रकमेसाठी कोर्टकचेरी करण्यापेक्षा बँका बहुतेक वेळा तडजोडीला तयार होतात. म्हणून फोनवर काही कबूल करायचं नाही, लेखी कळवायचं की कर्जदार वारले, डेथ सर्टिफिकेट सोबत जोडलंय, यापुढे पत्रानेच बोला, आणि या लोनला विमा होता का ते कळवा (पर्सनल लोनलाही बऱ्याचदा असतो). सहा महिन्यांनी सेटलमेंटचं बोलू. सेटलमेंट झालंच तर पत्र हातात आल्यावर पैसे, आधी नाही. आणि रात्री साडेनऊचा फोन, तो नियमाच्या बाहेर आहे, रिझर्व्ह बँकेने वसुलीचे फोन सकाळी ८ ते संध्याकाळी ७ एवढ्याच वेळात ठेवलेत. कॉल लॉगचा स्क्रीनशॉट काढून बँकेला मेल करा, ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार होते.

मित्राला चेक देऊ नका. नाही म्हणजे नाही. आज ते देणं तुमचं नाहीये, ज्या क्षणी तुमच्या सहीचा चेक त्यांच्या हातात गेला त्या क्षणी ते तुमचं होऊन बसेल आणि वटला नाही तर कलम १३८ ची फौजदारी केस तुमच्यावर. त्यांना सांगा भाऊजी पैसे दिल्याची बँक एंट्री दाखवा, चिठ्ठी दाखवा. हातउसन्याची मुदत साधारण तीन वर्षांची असते, आणि त्या मुदतीत तुम्ही 'हो देणं आहे' असं लिहून दिलंत तर ती नव्याने सुरू होते, म्हणून व्हॉट्सअपवरसुद्धा काही लिहू नका. मला माहितीये आपल्याकडे गेलेल्या माणसाच्या मागे देणं राहू नये असं मनात असतं, माझ्याही सासूबाई असंच म्हणायच्या. खरंच दिले असतील आणि तुमच्या मनाला लागून राहिलं असेल तर द्या ना, पण तीन वर्षांनी, मुलं मार्गी लागल्यावर, बँकेतून आणि पावती घेऊन.

आता वाट्याचं. दीर बरोबर बोलतायत. हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६ प्रमाणे मृत्युपत्र नसेल तर पुरुषाच्या पहिल्या वर्गाच्या वारसांत बायको, मुलगे, मुली आणि आई येतात, सगळ्यांना सारखा वाटा. वडील त्यात नाहीत, भाऊही नाही. फ्लॅट दोघांच्या नावावर आहे आणि ॲग्रीमेंटमध्ये वेगळं काही लिहिलेलं नाही असं धरलं तर अर्धा तुमचाच आहे, तो वारसाहक्काने आलेला नाही, त्याला कुणी हात लावू शकत नाही. त्यांच्या अर्ध्याचे चार भाग, तुम्ही, मुलगी, मुलगा, सासूबाई. म्हणजे पूर्ण फ्लॅटचा एक अष्टमांश सासूबाईंचा आणि पाच अष्टमांश तुमचा. वाट्यासोबत त्यावरचं लोनही येतं बरं का, हे दिरांना शांतपणे सांगा.

सासूबाईंना स्वतःहून त्यांचा वाटा सोडायचा असेल तर त्या तुमच्या नावे हक्कसोडपत्र करू शकतात. घरातल्या घरात, पैसे न घेता केलेल्या हक्कसोडपत्राला स्टँप ड्यूटी अगदी नाममात्र लागते, पण ते सब रजिस्ट्रारकडे रजिस्टर व्हायला हवं, नुसतं नोटरी केलेलं चालत नाही. प्रवास झेपत नसेल तर रजिस्ट्रेशनसाठी घरी येण्याचीही सोय आहे. पण एक विनंती करते, त्यांच्यावर जोर करू नका. त्यांचा मुलगा गेलाय. आणि सही करायला आणलंत तर त्यांना मराठीत वाचून दाखवा कशावर सही करतायत ते.

मुलाचा वाटा कुणीही सोडू शकत नाही, तुम्हीसुद्धा. तो १४ चा आहे, उद्या फ्लॅट विकायची वेळ आली तर त्याच्या हिश्श्यासाठी जिल्हा न्यायालयाची परवानगी लागते. एजंट म्हणेल काही लागत नाही मॅडम, होऊन जातं. होत नाही, पुढे मुलगा तो व्यवहार रद्द करून मागू शकतो.

सोसायटीत मिस्टरांनी तुम्हाला नॉमिनी केलं असेल तर सोसायटी तुम्हाला तात्पुरतं सभासद करून घेते, २०१९ च्या दुरुस्तीनंतर तसंच आहे, आणि कायमचं नाव वारस दाखला, मृत्युपत्र किंवा कुटुंबातला करार बघून लागतं. वारसाला ट्रान्सफर प्रीमियम लागत नाही, मागितला तर बायलॉज (सोसायटीची नियमावली) दाखवा म्हणायचं. महापालिकेच्या मिळकत करावर नाव बदलताना स्वतः राहत असल्याची ४० टक्के सवलत चालू राहिलीय ना ते बिलावर बघून घ्या.

वकिलाच्या फीची भीती असेल तर शिवाजीनगर कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, तिथे बाईला मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. डेथ सर्टिफिकेटच्या दहा तरी कॉपी काढून ठेवा. आणि लोन संपेल त्या दिवसापासून ३० दिवसांत मूळ कागद परत द्यायला बँक बांधील आहे, बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५००० रुपये भरपाई, डिसेंबर २०२३ पासून हा नियम आहे, तो दिवस तुम्हाला येणार आहे म्हणून आत्ताच सांगून ठेवते.

प्रश्न : मी कोथरूडचा, वय ७१, रिटायर्ड. पत्नी मागच्या वर्षी कॅन्सरने गेली. आम्हाला मूलबाळ नाही. तिच्या वडिलांचा सदाशिव पेठेतला वाडा पडून बिल्डिंग झाली, वडील मृत्युपत्र न करता गेले आणि भावांबरोबर तिच्याही वाट्याला एक फ्लॅट आला. त्यात मी ११० चौरस फूट जादा जागा विकत घेऊन दिली, इंटिरिअरसाठी माझ्या नावावर ६ लाखाचं लोन काढलं, ते अजून चालू आहे. आता मेहुणे म्हणतात फ्लॅट आमचा. हे खरं असू शकतं का?

उत्तर : काका, मला वाईट वाटतं सांगताना, पण बऱ्याच अंशी खरं आहे. बाईला आईवडिलांकडून वारसाने आलेली मिळकत, तिला मूलबाळ नसेल आणि मृत्युपत्र नसेल तर नवऱ्याकडे येत नाही, तिच्या वडिलांच्या वारसांकडे परत जाते. उत्तराधिकार कायद्याचं कलम १५ (२). चाळीस चाळीस वर्षं संसार करून माणूस एका ओळीने बाहेर पडतो, मला हे कलम कधीच पटलेलं नाही, पण आज तरी ते आहे.

तरी तीन गोष्टी बघा. काकूंनी मृत्युपत्र केलं होतं का, कपाटात नसेल तरी सब रजिस्ट्रार ऑफिसला डेथ सर्टिफिकेट देऊन शोध घेता येतो, आणि पुण्यात प्रोबेटची (मृत्युपत्र खरं असल्याचं कोर्टाकडून शिक्कामोर्तब) सक्ती नाही. दुसरं, फ्लॅट त्यांना नेमका कुठल्या कागदाने मिळाला, वडिलांनी बक्षीसपत्राने दिला असता तर तो 'वारसाने आलेला' धरला गेला नसता, म्हणून जुनी फाइल वकिलाला दाखवाच. तिसरं, ती ११० फूट जागा वडिलांकडून आलेली नाही, ती तुमच्या पैशाने विकत घेतलीय, चेक नंबर पासबुकात असेल, त्यावर तुमचा दावा वेगळा उभा राहतो. काकूंची स्वतःच्या कमाईची एफडी, दागिने हे तुमचंच आहे.

लोन मात्र तुमच्या सहीचं आहे, फ्लॅट मेहुण्यांकडे गेला तरी हप्ता तुमच्याकडेच राहणार. म्हणून मेहुण्यांशी बोलताना हा आकडा आधी टेबलावर ठेवा, कोर्टात जायच्या आधी, आणि जे ठरेल ते रजिस्टर करून घ्या.

प्रश्न : मिस्टर वारले, त्यांच्या १२ लाखाच्या एफडीला मोठा मुलगा नॉमिनी आहे. तो म्हणतो नॉमिनी मी म्हणजे पैसे माझे. अजून एक मुलगा आणि एक लग्न झालेली मुलगी आहे. सासूबाई आधीच वारल्या. त्याने एका कोऱ्या कागदावर माझी सही मागितलीय, बँकेला लागते म्हणून. (चिंचवड, वय ६६)

उत्तर : नॉमिनी म्हणजे मालक नाही, बँकेने पैसे कुणाच्या हातात द्यायचे एवढंच त्यातून ठरतं. सुप्रीम कोर्टाने हे वेगवेगळ्या निकालांत पुन्हा पुन्हा सांगितलंय, अलीकडे डिसेंबर २०२३ मध्ये शेअर्सच्या बाबतीतही. तो पैसे उचलेल, पण तुम्हा चौघांसाठी, मृत्युपत्र नसेल तर प्रत्येकी ३ लाख, मुलीचं लग्न झालंय म्हणून तिचा वाटा कमी होत नाही. नॉमिनी असताना बँकेला तुमची सही लागतच नाही. त्यामुळे तो कोरा कागद तसाच परत द्या आणि म्हणा, बँकेचा छापील फॉर्म आण, मी ब्रँचला येऊन तिथे वाचून सही करते.